गल्लीवार लावलेलं गाव

लातूरच्या ज्या तंत्रनिकेतनात मी पाच वर्षं शिकवलं, तिथल्या कॉम्प्युटर लॅबच्या दाराला लागून एक लाकडी स्टूल होतं. त्यावर बसणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणायचे. कॉलेजातल्या प्रत्येक शिपायाला आणि लॅब अटेंडंटला मामाच म्हणतात, तसेच हेही मामा. त्यांचं खरं नाव मी हजेरीपत्रकावर वाचलं होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही.

मी नांदेडची. लातुरात नवी होते, घाईत असायचे. पहिल्याच आठवड्यात प्रॅक्टिकल संपलं आणि दोन मशीन चालू असताना मी मेन स्विच बंद केला. मामा स्टुलावरून उठले, त्या दोन्ही मशीनजवळ गेले, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा डब्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्याडम, त्येला झोपाय येळ द्यावा लागतो. असं एकदम न्हाई मारायचं."

मला राग आला. दहावी नापास अटेंडंटनं मला कॉम्प्युटर शिकवावा, असं काहीतरी मनात आलं. पण त्या दिवसापासून मी कधी मेन स्विच थेट बंद केला नाही.

मामांच्या भाषेत मशीन उठायचं आणि झोपायचं. रोज सकाळी साडेनऊला ते चपला दाराबाहेर काढून आत यायचे आणि एकेक मशीन उठवत जायचे. पडद्यावर चित्र आल्याशिवाय पुढच्या मशीनकडे जायचे नाहीत. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कुठल्या बिघाडाला पडद्यावर कसल्या ओळी येतात हे त्यांना आकारावरून ठाऊक होतं. "खिडकीजवळच्याला आज लांब वळीचं आलंय," असं त्यांनी सांगितलं की मी हार्ड डिस्क बदलायच्या तयारीनं जायचे, आणि हार्ड डिस्कच गेलेली असायची.

त्यांच्या आणखी काही गोष्टी होत्या, त्यांना आम्ही लहर म्हणायचो. ते लॅबच्या आतल्या बाजूला कधी बसले नाहीत. दुपारचा डबा मे महिन्यातही अंगणातल्या लिंबाखाली खायचे. कॉलेजनं आवारातली खोली देऊ केली होती, ती नाकारून ते रिंगरोडच्या पलीकडे एका पत्र्याच्या खोलीत राहायचे. लातूरचा उन्हाळा आणि वर पत्रा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "स्लॅबखाली मला जेवण जात न्हाई." लातूरच्या माणसाला एवढ्यावरून कळलं असतं. मला कळायला वर्ष लागलं, आणि तेही ऑफिसातल्या क्लार्कनं सांगितलं म्हणून. मामांची नोकरी भूकंपग्रस्तांच्या कोट्यातली होती. भूकंपाच्या त्या पहाटे त्यांचं गाव सगळं बसलं होतं. त्यात त्यांची बायको आणि दोन वर्षांची मुलगी होती.

हे कळल्यावर मी काही दिवस त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. त्यांनी ते ओळखलं असावं. एक दिवस चहा आणून ठेवताना म्हणाले, "म्याडम, पैल्यावाणी वरडत जा. बरं वाटतं."

लॅबमध्ये भंगारात काढायच्या सामानाचं एक कपाट होतं. त्यात शेवटच्या वर्षाच्या पोरांनी प्रोजेक्टसाठी आणून टाकून दिलेला एक छोटा कॉम्प्युटर होता, पत्त्यांच्या कॅटाएवढा. एकच हिरवा बोर्ड, त्यालाच टीव्हीची वायर, त्यालाच पेनड्राइव्हची भोकं. मामांनी तो पुसून एका रुमालात ठेवला होता. दिवाळीच्या सुट्टीआधी तो रुमाल माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, ह्याच्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटी दिसतील का? टीव्ही लावला, बटण दाबलं आणि दिसायला लागलं, इतकं सोपं. म्हाताऱ्या माणसाला जमेल असं.

मी म्हणाले दिसतील, पण कॅसेटी आधी कॉम्प्युटरवर घ्याव्या लागतील. कुठल्या कॅसेटी?

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या आधी ते व्हिडिओ शूटिंगवाले होते. सोलापूरहून जुना कॅमेरा आणला होता, खांद्यावर घ्यायचा. आसपासच्या पंधरा गावांत तसा कॅमेरा त्यांचाच. गावातली पाच-सहा वर्षांतली सगळी लग्नं, बारशी, शाळेचं गॅदरिंग, सप्ता, सगळं त्यांनी काढलेलं. लोकांना दिलेल्या कॅसेटी घरांबरोबर गेल्या. पण मूळ कॅसेटी गावात नव्हत्याच. त्या मिक्सिंगसाठी लातूरला दिलेल्या असायच्या, नावं टाकायला, गाणी भरायला. तिथंच राहिल्या.

ते मिक्सिंगचं दुकान गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानदाराला मामा 'भाई' म्हणायचे. मिक्सिंगचा धंदा जाऊनही जमाना झाला होता; भाई आता मोबाइलची कव्हरं विकायचे. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी शटरच्या आतल्या माळ्यावरून दोन लोखंडी पेट्या उतरवल्या. एकेक कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीत खडू. ओल धरू नये म्हणून खडू. दर हिवाळ्यात भाई त्या बाहेर काढत, एकेक कॅसेट मशीनवर पुढं-मागं फिरवत आणि परत ठेवत. मी विचारलं, इतकी वर्षं कशाला सांभाळल्या?

"अमानत हाय ना बाई," ते म्हणाले. "ज्याची त्यानं मागितली न्हाई, म्हणून टाकून देता येती का?"

मामांनी इतकी वर्षं का मागितल्या नाहीत, ते मी विचारलं नाही. भाईंनीही कधी विचारलं नव्हतं.

चौतीस कॅसेटी होत्या. भाईंच्याच जुन्या मशीनवर लावून आम्ही त्या रोज दुपारी चार ते सहा अशा उतरवून घ्यायला सुरुवात केली. एका तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो, त्याला घाई चालत नाही. मामा तिथं उभे राहायचे, बसायचे नाहीत. पडद्यावर माणसं जेवत असायची, नवरदेवाला पाय धुवायला पाणी देत असायची, कॅमेरा बघून लाजत असायची. मामा नुसती नावं सांगत जायचे. ह्यो सुतार. ही त्याची थोरली. ह्यो मास्तर, ह्येनी मला पाटी दिली हुती. रडले कधीच नाहीत. एकदा मात्र एका पंगतीत वाढणारा माणूस त्यांना ओळखता येईना, तर तीनदा मागं घेऊन बघितलं आणि त्या दिवशी पुढं काही उतरवू दिलं नाही.

सगळं डिस्कवर आल्यावर मी यादी करायला घेतली. माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता: वर्षानुसार लावायचं, किंवा नावांच्या आद्याक्षरानुसार. मामा म्हणाले, नको. म्हाताऱ्यांना वर्षं ध्यानात नाहीत. मग कसं? त्यांनी परीक्षेच्या उरलेल्या पुरवणीवर पेन्सिलीनं गाव काढलं. वेस, मारुती, तिथून फुटणाऱ्या गल्ल्या, गल्लीतली घरं, दोन्ही हातांची. कुठल्या घराला ओटा होता, कुठं लिंब होता तेही. "असं लावा," म्हणाले. "गल्लीत शिरायचं, घरासमोर थांबायचं, मग बटण दाबायचं."

त्याप्रमाणे मी ते लावलं. टीव्हीचाच रिमोट चालत होता. बटण दाबलं की आधी गल्ल्यांची नावं यायची, गल्लीत शिरलं की घरं, घरात शिरलं की लग्न किंवा बारसं. जी गल्ली जमिनीवर उरली नव्हती ती यादीत होती. मला हे काम करताना फार बरं वाटत होतं, आणि आपण काहीतरी मोठं करतोय असा अभिमानही होता. पुढं जे झालं त्यात त्या अभिमानाचा वाटा होता, कारण सगळं नीट चालतंय ना हे मी फक्त लॅबमध्ये बघितलं होतं, जिथं वीज जात नाही.

भूकंपाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी पुनर्वसनाच्या नव्या गावात सकाळी स्मारकावर कार्यक्रम असतो. नवं गाव जुन्यापासून लांब, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. दुपारी समाजमंदिरात लोक जमले. मामांनी तो छोटा डबा टीव्हीला लावला. पडद्यावर गल्ल्यांची नावं आली तेव्हा हॉलमध्ये काहीतरी हललं. पन्नास-साठ माणसं एकदम थोडी पुढं सरकली.

पहिल्या ओळीत एक म्हातारी होती. नातेवाइकानं धरून आणलेली, पाठीत वाकलेली. तिचा एकुलता एक मुलगा लग्नाला पाच महिने झाले असताना गेला होता. मामांनी पहिलं तिचंच घर लावलं. वरात सुरू झाली. बाजावाले आले, मागं गॅसबत्त्या, घोड्याचं तोंड दिसलं, आणि वीज गेली.

पाच मिनिटांनी आली. पण डबा उठला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी येऊन थांबल्या. मी वायर काढून परत लावली, चार-पाच वेळा. ह्या बोर्डाचा सगळा जीव नखाएवढ्या मेमरी कार्डात असतो. तो उठतो तो त्या कार्डावरून. वीज गेली तेव्हा कार्डावर काहीतरी लिहिलं जात असणार, आणि ते अर्ध्यात तुटलं. लग्नं शाबूत होती, ती वेगळ्या डिस्कवर होती. पण त्यांच्यापर्यंत न्यायला कुणी उरलं नव्हतं. दुसरं कार्ड मी नेलंच नव्हतं.

लोक दोन तास थांबले. कुणी रागावलं नाही. मग एकेक जण उठून गेला. म्हातारी शेवटपर्यंत बसून होती. मामा तिच्यासमोर जाऊन खाली बसले. तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. त्यो दिसला न्हाई, पर बाजा ऐकला म्या. बाजा त्येच्याच लग्नातला हुता."

परत येताना एसटीत मामांनी तो डबा लातूर येईपर्यंत मांडीवर धरला होता. त्यानंतरचा आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. चूक माझी होती, पण ते स्वतःलाच दोष देत होते हे मला दिसत होतं. मशीनला एकदम मारायचं नाही हे दुसऱ्यांना सांगणारा माणूस, आणि त्यांनी नेलेलं मशीन सगळ्या गावासमोर तसंच मेलं होतं.

मी मनावर घेतलं. कार्ड काढूनच टाकायचं आणि बोर्डाला थेट यूएसबीच्या डिस्कवरून उठवायचं, म्हणजे जिथं लग्नं आहेत तिथूनच. वाचलं, विचारलं, करून बघितलं. त्यात एक अडचण होती. त्या जातीच्या बोर्डाला मुळात कार्डावरूनच उठायची सवय. डिस्कवरूनही उठ, असं शिकवायचं तर त्याच्या आत एक खूण करावी लागते, आणि ती एकदा केली की पुसता येत नाही. बोर्ड कॉलेजचा, भंगारातला का होईना. मी मामांना सांगितलं की हे परत पहिल्यासारखं करता येणार नाही.

"पुसता येत न्हाई म्हंता?" त्यांनी विचारलं.

"कायमचं राहतं."

"मग करा. एकदा झालं की मिटत न्हाई, आसं काय तरी असावं की."

मला तेव्हा वाटलं, ते मशीनबद्दलच बोलतायत.

खूण केली, तरी डबा उठेना. डिस्क फिरायला लागायच्या आतच बोर्ड वाट बघून थकायचा. शिवाय डिस्कला लागणारी वीज त्या बोर्डाच्या भोकातून पुरत नव्हती. तिला वेगळी वीज देणारा जोड आणला, बोर्डाला जास्त वेळ थांबायला सांगितलं. मग एका दुपारी, कार्डाची जागा रिकामी असताना, पडद्यावर गल्ल्या आल्या. मी शेवटचं काम केलं ते असं, की चालताना त्यानं डिस्कवर काही लिहायचंच नाही, फक्त वाचायचं. लिहितच नसेल तर वीज गेल्यावर अर्धवट तुटणार काय? मामांना हे फार पटलं. "नुसतं वाचायचं," ते दोन-तीनदा म्हणाले.

पण खात्री कशी करायची? चालू असताना वायर ओढून बघायची, दुसरा उपाय नव्हता. मी ओढणार तोच मामांनी माझा हात बाजूला केला. मी करतो म्हणाले. लॅबमध्ये वीस वर्षांत ज्यांनी कुणाला असं करू दिलं नव्हतं, त्यांनी स्वतः वायर ओढली. तोंड भिंतीकडे करून. परत लावली, डबा उठला. परत ओढली. मी दहा वेळा झाल्यावर पुरे म्हणाले. ते थांबले नाहीत. चाळीस वेळा ओढली, चाळीस वेळा डबा उठला, आणि प्रत्येक वेळी गल्ल्या दिसेपर्यंत ते वायरीवर हात ठेवून उभे राहिले. शेवटी घामानं शर्ट भिजला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कॅसेट आणून दिली. ही भाईंकडची नव्हती. त्यांच्या पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेतली, वरच्या कागदावर काही लिहिलेलं नाही. म्हणाले, ही पण उतरवा, पण मी बघणार नाही. मी विचारलं, यात काय आहे? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं.

ही त्यांची घरची कॅसेट. इतरांच्या कामातून वेळ मिळाला की ते घरी कॅमेरा काढायचे. मुलीचं पालथं पडणं, रांगणं, पहिलं पाऊल. दीड-पावणेदोन वर्षांत थोडं थोडं करून दोनेक तास भरले होते. त्या साली देगलूरच्या एका मंडळानं विसर्जनाची मिरवणूक काढायला बोलावलं. निघायच्या दिवशी कोरी कॅसेट कुठं मिळेना. लातूरला जाऊन आणायला वेळ नव्हता.

"मंगं ही घेतली," मामा म्हणाले. "तिला विचारून घेतली. म्हनलं, नवी आनतो, पोरीचं परत काढू. चालाय तर आता रोजच चालती. ती बी हाव म्हनली."

देगलूरला गुलालात त्यांनी मिरवणूक काढली, पहिल्यापासून, त्याच कॅसेटवर. तिथंच मुक्काम केला. सकाळी चहाच्या टपरीवर रेडिओ चालू होता, त्यात गावाचं नाव ऐकलं. दुपारी एका ट्रकमधून पोचले, तोवर खांद्यावर कॅमेरा तसाच होता. त्यात कॅसेट तशीच. पुढं कॅमेरा विकला. कॅसेट काढून ठेवली. मंडळानं कधी मागितली नाही, यांनी कधी लावली नाही.

"माझ्या हातानं पुसलं म्याडम," एवढंच ते शेवटी म्हणाले.

मी ती कॅसेट भाईंच्या दुकानात एकटीनं उतरवली. भाईंनी मशीन लावून दिलं आणि बाहेर गिऱ्हाइकाकडे गेले. दोन तासांच्या आसपास मिरवणूक होती. लेझीम, ट्रॅक्टर, गुलालानं लाल झालेली तोंडं, तेलुगू आणि कानडी आणि मराठी एकमेकांत मिसळलेल्या घोषणा. काम चांगलं होतं, मामांचा हात स्थिर होता. मग मिरवणूक संपली. पडदा खरखरला. मी बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात चित्र परत आलं.

मातीचं अंगण. एक बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून सूप पाखडत होती. हिरवं लुगडं, अंबाड्यात काही फूल नाही. तिच्या पदराला धरून एक छोटा हात दिसत होता, बाकीचं मूल तिच्या पलीकडे. बाई मागं न वळता म्हणाली, "बास करा की आता. भाकर गार व्हायली." मूल हसलं. मग निळा पडदा.

घरच्या रेकॉर्डिंगचं ते शेवटचं टोक. मिरवणूक त्याच्या आधी संपली म्हणून उरलेलं. एकोणीस सेकंद. मी तीनदा मोजलं.

मामांना सांगितलं तेव्हा ते लिंबाखाली जेवणाचा डबा उघडून बसले होते. त्यांनी डबा परत बंद केला. "दावा," म्हणाले. लॅबमध्ये आले, पहिल्यांदाच स्टूल ओलांडून आतल्या खुर्चीवर बसले. एकदा बघितलं. परत लावू का विचारलं तर मान हलवून नको म्हणाले. पडद्याकडे बघतच बोलले, "तोंड न्हाई दिसत. पर पाठ तिचीच हाय." आणि मग, उठताना, "ती मिरवणूक बी ऱ्हाऊ द्या. कापू नका. ते बी कुनाचे तरी असतील."

पुढच्या वर्षी त्याच दिवशी आम्ही परत गेलो. मला वाटलं होतं लोक येणार नाहीत. आले. वीज दोनदा गेली. दोन्ही वेळा मामा उठून उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, "बसून ऱ्हावा, उठतंय त्ये." आणि ते उठलं.

म्हातारीनं मुलगा बघितला. घोड्यावर बसलेला, बारीक मिशीचा. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती पुढं वाकून नीट बघत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, त्याच्या फेट्याचं टोक सुटलंय, कुणाच्या ध्यानात आलं नाही का त्या वेळी? शेजारीण म्हणाली, परत लावायला सांगू का? "नगं," ती म्हणाली. "आज येवढंच. बाकीचं फुडल्या सालाला बघीन."

एकेक घर लागत गेलं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा म्हातारीनंच मामांना विचारलं, "तुझं घर हाय का रं ह्येच्यात?"

मामा म्हणाले, हाय.

"मग लाव की."

त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी वेशीकडच्या गल्लीत गेले, डावीकडचं चौथं घर, बटण दाबलं. अंगण आलं. सूप, हिरवं लुगडं, पदराला धरलेला हात. बाई बोलली, मूल हसलं, निळा पडदा आला. मग म्हातारी म्हणाली, "मंगल हाय ही."

मागून दुसरी कुणी म्हणाली, हाव, मंगलच. तिसरी म्हणाली, मंगलचं लुगडं आसंच असायचं. मी पाच वर्षांत मामांच्या तोंडून ते नाव एकदाही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते सात-आठ बायकांच्या तोंडून आलं. मामा डब्यावर तळहात ठेवून उभे होते, गरम झालाय का बघत असल्यासारखे. तो काही गरम होत नाही. त्यांनी हात काढला नाही.

तो डबा गावातच राहिला. मला पुढं नांदेडला नोकरी मिळाली आणि मी घरी परतले. मामा निवृत्त झाले. वर्षातून एकदा त्यांचा फोन यायचा, वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी, दोनच वाक्यांचा: गर्दी किती होती आणि डबा नीट उठला की नाही. एका वर्षी म्हातारी गेल्याचं सांगितलं. त्या आधी तिनं मुलाचं लग्न पूर्ण बघून घेतलं होतं, दर सालाला थोडं थोडं करून.

मागच्या पावसाळ्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. पोटाचं दुखणं होतं, लातूरच्या डॉक्टरांनी नांदेडला न्यायला सांगितलं होतं. मी दुपारी भेटीच्या वेळेत गेले. मामा ओळखू येईनात, इतके बारीक झाले होते. मी मोसंबी सोलून दिली, ती त्यांनी हातात धरली, खाल्ली नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी ते गेले. मातीला मी नव्या गावी गेले होते. बायका मला मामांची म्याडम म्हणून ओळखत होत्या. त्यांनी मला जेवल्याशिवाय येऊ दिलं नाही.

दवाखान्यातल्या त्या दुपारी आम्ही फार बोललो नव्हतो. मशीनचं बोलणं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. भेटीची वेळ संपल्याचं सिस्टर सांगून गेल्या तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, एक विचारायचं होतं, तुम्ही ती कॅसेट नीट बघितलीय.

"ती म्हनत हुती, भाकर गार व्हायली," मामा म्हणाले. "त्या दिशी मी जेवाय गेलो का न्हाई, तेच ध्यानात येईना. लई आठवायलो."

मी म्हणाले, गेलाच असाल. रेकॉर्डिंग तिथंच थांबलंय ना, म्हणजे तुम्ही कॅमेरा बंद करून गेला असाल.



"कुनाला ठाव," ते म्हणाले. "क्यामेरा हातात असला की मला भूक लागत नव्हती."